लॅपटॉपच्या पोटातला लाल ठिपका

आमच्या घरचा लॅपटॉप सुरू व्हायला वीस मिनिटं घ्यायचा. हे मी चिडून वाढवून सांगत नाहीये. मोजलेलं आहे, आणि मोजणारे माझे सासरे आहेत. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात स्टोअरकीपर म्हणून काढली. त्यांनी मोजलं म्हणजे मोजलं.

बटण दाबायचं कामही त्यांच्याचकडे होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांना बसल्या जागी करण्यासारखं काहीतरी काम हवं होतं. आणि मला असा माणूस हवा होता जो पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या त्या चक्राकडे बघूनही शांत राहील, कारण मी राहू शकत नव्हते. एकदा मी त्या लॅपटॉपला लाटणं दाखवलं होतं. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं. मी म्हणायचं, "बाबा, अकराला लागणारेय," की बाबा बरोबर दहा चाळीसला बटण दाबणार, खुर्ची पुढे ओढून बसणार, आणि मी त्यांच्यासमोर चहा आणि खारी ठेवणार. चहा संपायचा, खारी संपायची, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या, मग बाहेरच्या खोलीतून हाक यायची, "उघडला गं!" हाक इतकी मोठी की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन विचारायच्या, कुणाचं दार अडकलं होतं.

उघडल्यावरही प्रत्येक क्लिकला तो दोन-दोन मिनिटं विचार करायचा. म्हणून मी एक शक्कल लढवली होती. लॅपटॉप चालू झाला की मला लागणारं शिकवायचं ॲप आपोआप उघडेल आणि आपोआप वर्गात शिरेल, कॅमेऱ्यासकट, अशी सोय करून ठेवली होती. कुणी काही दाबायला नको. या शक्कलेचा मला फार अभिमान होता. पुढे तिनंच माझा घात केला, पण ते नंतर.

आता हे शिकवायचं काय प्रकरण, ते सांगते. मी एका खाजगी शाळेत नऊ वर्षं गणित शिकवत होते. चार वर्षांपूर्वी बाबा बाथरूममध्ये पडले, गुडघा गेला, एका ऑपरेशननं भागलं नाही, दुसरं करावं लागलं. नवऱ्याची बदलापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, मुलगा लहान. घरात कुणीतरी हवं होतं. मी राजीनामा दिला. मला कुणी सोड म्हटलं नव्हतं. कुणी सोडू नकोस असंही म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा सगळा राग त्या न म्हटलेल्या दुसऱ्या वाक्यावर होता. बाबांनी चार वर्षांत त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. मी भांडी आपटायचे आणि ते पेपर मोठ्याने वाचायचे, एवढाच आमचा त्या विषयावरचा संवाद.

मग एका ऑनलाइन शिकवणीवाल्यांची जाहिरात दिसली. मराठी माध्यम, पाचवी ते आठवी, गणित. मी अर्ज केला, त्यांनी नमुना तास घ्यायला बोलावलं. त्या दिवशी लॅपटॉपला काय झालं देव जाणे, पण वीसच्या जागी त्यानं सदतीस मिनिटं घेतली. मी सतरा मिनिटं उशिरा पोचले आणि पोचल्या पोचल्या पडदा गोठला. समोर बसलेल्या तिघा परीक्षकांना माझं तोंड उघडं असलेला एक फोटो तेवढा दिसत राहिला. त्यांच्यातल्या मॅडमनी फोन करून सांगितलं, "शनिवारी सकाळी अकरा. ही शेवटची संधी. आम्ही साडेदहापासूनच ऑनलाइन असू, तुम्ही लवकर आलात तरी चालेल." त्या 'लवकर' शब्दावर त्यांनी जो जोर दिला तो मी आजही विसरलेले नाही.

नवरा म्हणाला, बोनस झाला की नवीन घेऊ. बोनसला पाच महिने होते. शेवटी माझ्या जुन्या शाळेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, "अगं, नवीन कशाला? आतली डिस्क बदलून एसएसडी टाकून घे. पळेल बघ. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक माणूस आहे, समोर बसून करून देतो."

मी बाबांना समजावून सांगितलं. "जुन्या डिस्कमध्ये आत तबकडी फिरते, म्हणून शोधायला वेळ लागतो. नव्यात काहीच फिरत नाही."

"फिरत नाही तर चालतं कसं?"

"तसंच चालतं."

"कुठे टाकणार?"

"उल्हासनगरला."

बाबांचे डोळे बारीक झाले. उल्हासनगरबद्दल त्यांचं असं मत आहे की जगात जी म्हणून वस्तू आहे ती तिथं बनते, आणि हुबेहूब तशी दुसरीही बनते. म्हणून कुठलीही चीज दुरुस्तीला जायच्या आधी तिच्यावर खूण केली पाहिजे, नाहीतर आपली ओरिजिनल जाते आणि दुसरीच घरी येते. स्टोअरमधली सवय ती. आमच्या घरात मिक्सरच्या भांड्यावर ठिपका आहे, गॅसच्या शेगडीवर ठिपका आहे, पंखा रिवाइंडिंगला गेला होता तेव्हा त्याच्या तिन्ही पात्यांवर ठिपके पडले. विहारात जाताना काढायच्या चपलांवरसुद्धा आहे, आतल्या बाजूला. पंखा परत आला तेव्हा बाबांनी तिन्ही पाती मोजून घेतली होती. पाती तीनच होती, पण समाधान त्यांचं.

"तुझी ती लाल बाटली दे," बाबा म्हणाले. "आणि मी येणार."

माझ्याकडे नेलपॉलिशची एकच बरी बाटली होती. भावाच्या लग्नात घेतलेली, मोजून दोनदा लावलेली. दिली.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. लॅपटॉपला धक्का बसू नये म्हणून बाबांनी तो माझ्या मुलाच्या लहानपणच्या गुलाबी दुपट्यात गुंडाळला आणि शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसले. एक हात खाली, एक हात वर. शेजारी एक बाई बसली होती. ती थोडा वेळ दुपट्याकडे बघत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "झोपलंय का?"

"नाही," बाबा म्हणाले, "बंद आहे."

"किती महिन्यांचं आहे?"

"बारा वर्षांचं."

त्या बाईनं पुढच्या चौकात रिक्षा थांबवली. तिला खरंच तिथं उतरायचं होतं की नाही, कुणास ठाऊक.

दुकान एका गल्लीत होतं. खाली जीन्स शिवायचा कारखाना, मशिनींची खडखड, जिन्याच्या पायऱ्यांवर निळी लव, आणि वर दुरुस्तीवाला. पन्नाशीचा सिंधी गृहस्थ, चष्मा कपाळावर, पोट टेबलाला टेकलेलं. "आओ साईं, बैठो," म्हणत त्यानं दुपटं सोडलं, लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढले. आत जे निघालं त्याला मी काय म्हणू? धूळ होतीच. पण तिच्याबरोबर चार वर्षांच्या खारीचा चुराही होता, थरावर थर.

"काका, ये लॅपटॉप है की बेकरी?"

 बाबांनी खिशातून बाटली काढली, झाकण उघडलं आणि कामाला लागले. बॅटरीवर ठिपका, पंख्यावर ठिपका, रॅमवर ठिपका. दुकानदार हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून बघतच राहिला.

"हे काय करताय काका?"

"खूण."

"मी पार्ट बदलून टाकीन असं वाटतं का तुम्हाला?"

"तुमच्यावर संशय नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले. "पद्धत आहे."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तो माणूस हसायलाच लागला. "मेरे ससुर भी ऐसेच थे. हमारी शादी में आये तो अपनी चप्पल पे चुना लगा के आये."

बाबांना तो माणूस एकदम पसंत पडला. अशा थोर सासऱ्याचा जावई वाईट कसा असेल?

मग त्यानं नवी एसएसडी काढून बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती तळहातावर झेलून पाहिली. कानाशी नेऊन हलवली. पुन्हा झेलली. "रिकामी आहे," त्यांनी निकाल दिला.

"हलकीच असते बाबा," मी म्हटलं.

"वजन नाही म्हणजे आत माल नाही. जुनी बघ केवढी जड आहे."

आणि मी थांबवायच्या आत बाबा दोन्ही डिस्क घेऊन, काठी टेकत, जिना उतरून खाली जीन्सच्या कारखान्यात गेले. तिथं कापडाच्या चिंध्या तोलायचा काटा होता. शिवणकाम थांबलं. सगळे कारागीर गोळा झाले. जुनी डिस्क ठेवली, काट्यानं निदान मान हलवली. नवी ठेवली, काटा जागचा हलला नाही. बाबांनी जिन्याकडे वळून दुकानदाराकडे असं पाहिलं की आता बोला. मला वाटलं, संपलं. शनिवारही संपला आणि नोकरीही.

दुकानदार जिन्यातच उभा होता. त्यानं स्वतःच्या पोटावर थाप मारली. "काका, वजनानं फास्ट चालत असतं ना, तर या गल्लीत सगळ्यात फास्ट मीच असतो."

सगळा कारखाना हसला. आणि बाबाही हसले! मी लग्न होऊन आल्यापासून बाबांना इतकं मोकळं हसताना दोनदाच पाहिलं होतं. "बसवा," ते म्हणाले.

बसवायच्या आधी नव्या डिस्कवरही ठिपका हवा होता. ब्रश बुडवून ते सोनेरी पट्ट्यांच्या दिशेनं निघाले तेव्हा दुकानदारानं झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "अरे काका, इधर नहीं! जोडायची जागा आहे ती, तिथं लागलं की डिस्क दिसणारच नाही मशीनला." मग ठिपका पाठीवर पडला. अगदी सढळ हातानं पडला, कारण बाटली माझी होती.

जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर उतरवायला दोन तास लागणार होते. दुकानदार म्हणाला, बाजारात फिरून या. बाबा म्हणाले, आम्ही इथंच बसू. आम्ही इथंच बसलो. पडद्यावरचे टक्के वाढताना बाबा डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि बाबा लक्ष ठेवत आहेत ना, हे मी बघत होते. शेवटी झालं. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही दाबा."

बाबांनी बटण दाबलं. खुर्ची पुढे ओढली, काठी टेबलाला टेकवली, मनगटावरचं घड्याळ सरळ केलं, नीट बसले आणि वर बघितलं. लॅपटॉप चालू होऊन कधीचाच त्यांची वाट बघत होता.

"हा आधीच चालू असणार," बाबा म्हणाले. "बंद करा."

चार वेळा बंद-चालू केला. चारही वेळा बारा सेकंद. माझा जीव भांड्यात पडला. मी तर त्या दुकानदाराला मिठी मारायचीच बाकी होती. बाबा मात्र खूश दिसेनात. "एकदा पळाला म्हणून रोज पळेल असं नाही," एवढंच म्हणाले.

परतीच्या रिक्षात ते बराच वेळ दुपट्याच्या कडेशी चाळा करत होते. मग म्हणाले, "म्हणजे आता मला बटण दाबायला बोलवायला नको."

मी दमले होते, भूक लागली होती, आणि माझी बाटली अर्धी संपली होती. मी म्हणून गेले, "बारा सेकंदांसाठी कुणाला कशाला बसवायचं बाबा?"

त्यांनी दुपट्याची कड सोडली आणि अंबरनाथ येईपर्यंत बाहेर बघत राहिले.  घरी पोचल्यावर मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यायची पद्धत आमच्या दोघांतही नाही. शुक्रवारी त्यांनी फक्त एकदा विचारलं, "उद्या अकराला ना?" मी हो म्हटलं. तिथंच मला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी आतल्या खोलीत साडी नेसत होते. मनात हिशेब होता, पाच मिनिटं आधी लॅपटॉप लावायचा, आरामात. एक पिन खांद्यावर, तीन पिना तोंडात, निऱ्या हातात. आणि बाहेरून एक अनोळखी बाईचा आवाज आला, "नमस्कार."

"नमस्कार, नमस्कार," हा बाबांचा आवाज. "या."

मी घड्याळ बघितलं. दहा चाळीस. बाबांनी जुन्या वेळेला बटण दाबलं होतं, लॅपटॉप बारा सेकंदांत जागा झाला होता, आणि माझी ती सुप्रसिद्ध शक्कल बाबांना थेट पॅनलसमोर घेऊन गेली होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातातली खारी अर्धी चहात. पडद्यावर दोन सर आणि मध्ये त्या मॅडम.

"लवकर आलात तुम्ही," बाबा त्यांना म्हणाले. "अकरा म्हणाली होती ती."

माझ्या तोंडून आवाज निघेना. निघाला असता तर पिना गिळल्या असत्या.

आमच्याकडे पाहुणा वेळेआधी आला तर घरातलं माणूस तयार होईपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत, बोलण्यात गुंतवतात. बाबांनी ते कर्तव्य हाती घेतलं. "बसा, बसा. येतेच आहे, साडी नेसतेय. चहा झाला का तुमचा?"

"झाला काका," मॅडम म्हणाल्या. "आपण कोण?"

"मी सासरा. आणि हे बघा, मागच्या वेळी उशीर झाला तो तिचा दोष नाही. मशीन खराब होतं. आता मी स्वतः समोर बसून नवीन डिस्क टाकून आणलीय. खूण केलीय आत. थांबा, मागच्या फटीतून दिसते." आणि बाबांनी लॅपटॉप उचलून उलटा केला. "दिसला का ठिपका?"

"काका," एक सर म्हणाले, "छताचा पंखा दिसतोय."

"त्याच्यावरपण आहे. तिन्ही पात्यांवर आहे, बघा."

पलीकडे कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला. माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. मी मनातल्या मनात नोकरीला हात जोडले.

लॅपटॉप परत टेबलावर आला. मॅडमनी विचारलं, "पण काका, सगळ्यांवर ठिपका कशासाठी?"

"चांगली वस्तू असली की भीती वाटते हो. आपली जाते आणि दुसरीच घरी येते."  कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. "माझ्या गुडघ्यापायी तिनं शाळा सोडली. सोडू नकोस म्हणायला पाहिजे होतं मी. पण तेव्हा घरात एकट्याला मला भीती वाटायची. म्हणून बोललो नाही. चार वर्षं झाली, अजून बोललो नाही."

पलीकडे कुणी हसलं नाही.

"घरातल्या सगळ्यावर खूण केलीय मी," बाबा म्हणाले. "सुनेवर करायची गरज नाही पडली. अशी दुसरी उल्हासनगरलासुद्धा बनणार नाही."

मी पलंगावर बसले. तोंडात तीन पिना असताना रडणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ओठ मिटून रडावं लागतं, मग सगळं नाकातून येतं. चार वर्षांचा राग मी जपून ठेवला होता, तो असा बनियनमधल्या माणसानं परक्या लोकांसमोर दोन मिनिटांत काढून घेतला. मला त्याचाही राग आला. मग हसू आलं. मग मी तोंड धुतलं, निऱ्या जशा जमतील तशा खोचल्या आणि बाहेर गेले.

बाबा उठायला लागले. मी म्हटलं, "बसा हो बाबा. खारी संपवा."

दहा बावन्नला मी तास सुरू केला. विषय अपूर्णांक. तयारी मी रंगीत कागदांची केली होती, पण कागद आतल्या खोलीत राहिले. बशीत एक अख्खी खारी उरली होती. मी तिचे चार भाग केले आणि कॅमेऱ्यासमोर धरून पाव, अर्धा, पाऊण शिकवायला लागले. "आता या चारांतला एक भाग काढून घेतला, तर उरले किती?" असं विचारून मी बशीकडे पाहिलं. काढून घ्यायची गरजच नव्हती. बाबांनी तो भाग चहात बुडवला होता.

"पाऊण!" तिघंही एकदम म्हणाले.

सोमवारी मॅडमचा फोन आला. मला घेतलं. एकच विनंती होती, काका बसणार असतील तर शर्ट घालून बसू देत.

आता रोज चारला माझा वर्ग असतो. तीन चाळीसला बाबा इस्त्रीचा शर्ट घालतात, बटण दाबतात, बारा सेकंदांनी हाक मारतात, "उघडला गं!" मग आम्ही दोघं उरलेली वीस मिनिटं तिथंच बसून चहा पितो. ॲपची ती आपोआपची सोय मी काढून टाकली आहे.

पहिल्या वर्गाच्या दिवशी बाबा कुणाला न सांगता काठी घेऊन बाहेर गेले होते, आणि दोन तासांनी शेअर रिक्षातून उतरले. माझ्यासमोर एक कागदी पुडी ठेवली. आत नेलपॉलिशची बाटली होती, तोच लाल रंग.

"तुझी अर्धी संपवली मी," म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले.

मी बाटली उलटी करून बघितली. बुडाला ठिपका होता.